‘बाबाको’ला दोन उत्तरे असतात, दोन्ही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या शाळेत सगळ्यांकडून पाठ करून घेतात: बाबाबा, बाकोबा, कोबाको, कोकोबा (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) आणि काटकोन त्रिकोणापुरती कर्णभुजा. वर्गातले एखादे चौकस मूल विचारतेच, की मग ‘बाबाको’ का नाही? ‘ती कसोटी नाही, लिहिलीस तर गुण कापतील,’ असे उत्तर मिळते आणि फळा पुसला जातो. पुढे बारावीत साइनचा नियम येतो. दोन बाजू आणि त्यांतल्या एकीसमोरचा कोन दिला की त्रिकोण सोडवायचा असतो. ही तीच नाकारलेली बाबाको, पण आता मुले तिच्यावर कॅल्क्युलेटर चालवतात, एक आकडा काढतात आणि त्याखाली दोन रेघा मारतात. दुसरे उत्तर कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. समुद्रावर मात्र ते विचारावेच लागते. तिथे ही दोन उत्तरे म्हणजे चार्टवरच्या (सागरी नकाशावरच्या) दोन वेगळ्या जागा असतात, आणि नौका त्यांतल्या एकाच ठिकाणी असते.

उदाहरण मुंबईजवळचेच घेऊ. कुलाब्याच्या टोकापुढे खडकावर प्राँग्ज रीफचे दीपगृह आहे, १८७५ सालचे. त्याच्या जवळजवळ दक्षिणेला, दहा-साडेदहा सागरी मैलांवर, खांदेरी बेटावर १८६७ सालचे दीपगृह आहे. चार्टवर त्या बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. हिशोब सुटसुटीत राहावा म्हणून इथे नेमकी दक्षिण आणि नेमके १० मैल धरतो. प्रत्यक्ष काम करताना दोन्ही आकडे चार्टवरूनच घ्यावेत.

पश्चिमेकडच्या खुल्या समुद्रातून रात्री एक नौका येते आहे. प्राँग्जचा दिवा तिला ०३०° या बेअरिंगवर, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने ३०° वर, दिसतो. खांदेरीचे अंतर रडारवर ६ मैल येते. एकाचे बेअरिंग आणि दुसऱ्याचे अंतर, ही जोडी मुद्दाम अवघड करण्यासाठी घेतलेली नाही. डोळ्याने होकायंत्रावरून घेतलेले बेअरिंग रडारच्या बेअरिंगपेक्षा भरवशाचे असते, तर अंतराच्या बाबतीत रडार चोख असते. शिवाय खडकावरच्या एकट्या मनोऱ्याचा रडारवरचा ठिपका फिका येतो, बेटाचा ठसठशीत येतो. म्हणून हाताशी येणारी माहिती बरेचदा अशीच मिसळलेली असते.

आता त्रिकोण काढा. प्राँग्ज प, खांदेरी ख, नौका न. नौकेवरून प ०३०° वर दिसतो, म्हणजे प वरून नौका उलट दिशेला, २१०° वर आहे. ख तर १८०° वर आहे. तेव्हा प जवळचा कोन ३०°. बाजू पख १० मैल, आणि प च्या समोरची बाजू खन ६ मैल. बाजू, बाजू आणि मध्ये नसलेला कोन: झाली बाबाको.

साइनचा नियम लावला की न जवळच्या कोनाचा साइन १० × ०.५ ÷ ६ म्हणजे ०.८३३३ येतो. कॅल्क्युलेटरवर उलटा साइन दाबला की ५६.४° मिळतात. पण ५६.४° चा पूरक कोन १२३.६°, आणि त्याचाही साइन तोच. कॅल्क्युलेटर तो कधीच दाखवणार नाही, कारण उलट्या साइनचे बटण −९०° ते ९०° एवढ्याच पट्ट्यात उत्तर देते. विशालकोन त्याच्या कक्षेतच नाही. यात यंत्राचा दोष नाही. एका आकड्याला एकच उत्तर द्यायचे, असे ठरवूनच ते बटण बनवलेले आहे.

म्हणून नौकानयनात साइनच्या नियमाऐवजी कोसाइनच्या नियमातून निघणारे वर्गसमीकरण वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे:

पन = पख × कोसाइन प ± √(खन² − (पख × साइन प)²)

आकडे घातले की ८.६६ ± √(३६ − २५), म्हणजे ८.६६ ± ३.३२. दोन उत्तरे समोरच उभी राहतात: प्राँग्जपासून ५.३४ मैल किंवा ११.९८ मैल. दोन्ही जागा खुल्या पाण्यात आहेत, दोन्हींकडून प्राँग्ज ०३०° वरच दिसतो, दोन्हींपासून खांदेरी ६ मैलच आहे. आणि त्या दोन जागांमध्ये साडेसहा मैलांहून जास्त अंतर आहे. दहा नॉटने, म्हणजे ताशी दहा सागरी मैलांनी, जाणाऱ्या नौकेला ते कापायला चाळीस मिनिटे लागतील. पहिली जागा मुंबई बंदराच्या तोंडाशी, दुसरी थळच्या बाहेर खांदेरीच्या थेट पश्चिमेला. एकीवरचा पुढचा कोर्स दुसरीवरून धरला तर काय होईल, ते चार्ट उघडून पाहावे.

चार्टवर हेच काम परकार करतो. प मधून २१०° ची रेघ ओढायची, परकारात ६ मैल घेऊन ख वर टोक टेकवून कंस फिरवायचा. मैल मोजायचे ते चार्टच्या बाजूच्या अक्षांशपट्टीवर, आणि तेही आपण आहोत त्याच उंचीवर. वरच्या-खालच्या रेखांशपट्टीवर मोजले तर अंतर चुकते. इथे पेन्सिलवाले बहुतेक जण एक गोष्ट करतात: कंस पूर्ण न फिरवता ‘आपण इथेच असणार’ अशा जागी इंचभर तुकडा काढतात. रेघ आणि तुकडा छेदतात, जागा मिळाली म्हणून समाधान होते. दुसरा छेद कागदावर काढलेलाच नसतो, मग तो दिसणार कुठून? कंस नेहमी रेघेला दोनदा ओलांडेपर्यंत फिरवावा. दोनदा ओलांडत नसेल तर तेही काही सांगतच असते.

काय सांगते, ते एका लंबावर ठरते. ख पासून रेघेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर पख × साइन प, आपल्या उदाहरणात ५ मैल. रडारचे अंतर ५ पेक्षा जास्त आणि १० पेक्षा कमी असेल तर दोन उत्तरे. १० किंवा त्याहून जास्त असेल तर एकच: समजा १२ मैल आले, तर सूत्र १९.५७ आणि −२.२५ देते, आणि ऋण उत्तराचा अर्थ दिव्याच्या पलीकडची बाजू. तिथून प्राँग्ज ०३०° वर दिसणार नाही, २१०° वर दिसेल, म्हणून ते सोडून द्यायचे. प जवळचा कोनच विशाल असेल तर ८.६६ च्या जागी ऋण आकडा येतो आणि फार तर एकच उत्तर धन उरते. तेव्हा दोन उत्तरांचा धोका फक्त लघुकोनात.

जाता जाता, शाळेतल्या त्या मुलाचे उत्तरही याच सूत्रात आहे. कोन ९०° घाला. कोसाइन शून्य, पहिले पद गळून पडते, उरते फक्त ± वर्गमूळ. ऋण टाकले की एकच बाजू. कर्णभुजा ही वेगळी जादू नाही. बाबाकोला एकच उत्तर उरते त्या खास जागेचे ते नाव आहे. हे दहा मिनिटांत फळ्यावर दाखवता येते.

खरी गंमत, आणि खरी अडचण, लंबाच्या आसपास आहे. रडारचे अंतर नेमके ५ आले तर कंस रेघेला फक्त टेकतो आणि उत्तर एकच मिळते. एकच उत्तर म्हणजे पक्के उत्तर, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण हीच सगळ्यांत कच्ची जागा. अंतर ५ ऐवजी ५.१ धरा. वर्गमूळात २६.०१ − २५ उरतात, म्हणजे ± १.००५. मोजमाप ०.१ मैलाने, साधारण १८५ मीटरने सरकले आणि नौकेची जागा एक मैल सरकली, तीही दोन्हीकडे. उलट ६ मैलांच्या वेळी तेवढ्याच चुकीने जागा जेमतेम ०.१८ मैल हलते. कंस रेघेला चाटून जातो तिथे छेद कुठे धरायचा, हे टोकदार पेन्सिलीलाही ठरवता येत नाही.

आणि एवढी चूक व्हायला फार काही लागत नाही. रडार बेटाच्या जवळच्या काठापर्यंतचे अंतर देते, दीपगृह बेटाच्या आत असते. लाकडी होडीतही इंजिन, नांगर, कोणी होकायंत्राशेजारी ठेवलेला मोबाइल किंवा स्पीकर सुईला अंशभर ओढतात. मुंबईजवळ चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एक अंशाहूनही कमी आहे, म्हणून इथे बहुतेक वेळा गुन्हेगार होडीतले लोखंडच असते. बेअरिंग एका अंशाने सरकून कोन ३१° झाला तर लंब ५.१५ होतो, रडार ५.१ म्हणत असेल तर वर्गमूळाखाली ऋण संख्या, साइन एकाहून मोठा, आणि पडद्यावर ‘मॅथ एरर’. विद्यार्थी इथे ‘त्रिकोण अस्तित्वात नाही’ असे लिहून मोकळे होतात. परीक्षेत ते बरोबर आहे. समुद्रात नौका तर तरंगते आहे, म्हणजे त्रिकोण आहेच. चुकले आहे ते मोजमाप. पुन्हा बेअरिंग घ्यायचे, होकायंत्राजवळून लोखंड हलवायचे, नाहीतर दुसरी खूण शोधायची.

दोन उत्तरांतून खरे कोणते, ते ठरवायला तिसरी माहिती लागते, आणि ती मोजून घ्यायचीही गरज नसते. वरच्या उदाहरणात जवळच्या जागेवरून खांदेरीचा दिवा १५४° वर, म्हणजे दक्षिण-आग्नेयेला दिसेल. लांबच्या जागेवरून ०८६° वर, जवळपास थेट पूर्वेला. मान वळवून पाहिले तरी पुरे. पाऊस किंवा धुरके असेल, दिवा दिसत नसेल आणि रडारच्या दिशेवर विश्वास नसेल, तर पाण्याची ओढ फार नसताना दहा नॉटने १२ मिनिटे थेट दक्षिणेला जावे, म्हणजे २ मैल. जवळच्या जागेवर असाल तर खांदेरीचे अंतर ६ वरून ४.३ पर्यंत उतरेल, लांबच्या जागेवर असाल तर ६.४ पर्यंत चढेल. १२ मिनिटे थांबायची तरी गरज काय, आकडा चढतो की उतरतो हे दोन-तीन मिनिटांत कळते. फक्त हा पडताळा जिथे खुले पाणी आहे त्या दिशेलाच करावा.

याहून चांगले म्हणजे बाबाकोत सापडायचेच नाही. एकाच खुणेचे बेअरिंग आणि अंतर घेतले तर रेघ आणि कंस काटकोनात छेदतात. त्याहून स्वच्छ छेद नाही. एकच दिवा आहे आणि रडारही नाही, तर जुनी दुप्पट कोनाची रीत आहे. नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, रोखापासून दिवा ३०° वर आला की वेळ टिपायची, कोर्स आणि वेग न बदलता तो ६०° वर आला की पुन्हा टिपायची. मधल्या वेळात जेवढे कापले तेवढेच आता दिव्याचे अंतर, कारण त्रिकोण समद्विभुज होतो. दिवा बरोबर आडवा (नाळेपासून ९०° वर) येईल तेव्हाचे अंतर त्याच्या ०.८६६ पट, जुन्या हिशोबात सात अष्टमांश. इथे दोन कोन आणि मधली बाजू आहे, म्हणजे कोबाको, आणि कोबाको कधी दोन तोंडांनी बोलत नाही. मात्र पाण्याची ओढ असेल तर कापलेले अंतर जमिनीवरचे धरावे लागते, इंजिनच्या हिशोबाचे नव्हे.

ओढीवरून आठवले. आत्तापर्यंतच्या उदाहरणात दोनपैकी एक उत्तर खोटे होते. खाडीत असा एक त्रिकोण भेटतो, ज्याची दोन्ही उत्तरे खरी असतात, आणि पाठ्यपुस्तकाने घ्यावे असे उदाहरण ते आहे. वल्ह्याची होडी स्थिर पाण्यात २ नॉटने जाते. ओहोटीची ओढ ३ नॉट आहे, उधाणाच्या दिवसांत अरुंद तोंडाशी असे पाणी धावते. पलीकडची जेटी ओढीच्या दिशेपासून ३०° वर आहे. नाळ कुठे रोखायची?

बाजू दोन: ओढ ३, होडी २. कोन ३०°, होडीच्या बाजूसमोरचा. रोखाच्या कोनाचा साइन ३ × ०.५ ÷ २ = ०.७५. एक उत्तर ४८.६°, दुसरे १३१.४°, दोन्ही जेटीच्या दिशेपासून ओढीच्या उलट बाजूला मोजलेले. जमिनीवरचा वेग २.६० ± १.३२, म्हणजे ३.९ नॉट किंवा १.३ नॉट. अर्धा मैल जायला पहिल्या रोखाने पावणेआठ मिनिटे, दुसऱ्या रोखाने साडेतेवीस. पहिल्यात होडी पाण्याला बरीचशी आडवी धरली आहे आणि पाणी तिला भराभर नेते. दुसऱ्यात नाळ जवळजवळ पाण्याच्या तोंडावर आहे, वल्ही ओढीविरुद्ध मारायची आणि होडी तिरकी मागे सरकत हळूच जेटीकडे येते. कॅल्क्युलेटर फक्त पहिले सांगेल. पण जेटीला लागायचे तर दुसरेच हवे: ताशी चार मैलांनी आडवे येऊन दगडी जेटीवर आपटायचे नसते. पाण्यावर नाळ ठेवूनच धक्क्याला लागायचे, हे कोणताही तांडेल साइनचे नावही न घेता करतो. तो मधला प्रवास पहिल्या उत्तराने करतो आणि शेवट दुसऱ्याने.

याच हिशोबातून आणखी एक उपयोगाचा आकडा निघतो. होडीचा वेग भागिले ओढ, २ ÷ ३, हा ४१.८° चा साइन आहे. जेटी ओढीच्या दिशेपासून ४१.८° पेक्षा जास्त बाजूला असेल तर कितीही वल्ही मारा, सरळ रेषेत तिथे पोचता येणार नाही. मग काठाकाठाने, जिथे ओढ मंद असते, वर जाऊन तिथून निघावे किंवा पाणी थांबण्याची वाट पाहावी. होडी ओढीपेक्षा वेगवान असेल तर मात्र ही भानगडच नाही, उत्तर नेहमी एकच. विमानाच्या वाऱ्याच्या त्रिकोणात म्हणूनच ही संदिग्धता सहसा दिसत नाही.

आकाशातल्या त्रिकोणाबद्दल थोडक्यात. होकायंत्र तपासायला सूर्याचा दिगंश, म्हणजे उत्तरेपासून मोजलेली त्याची दिशा, काढतात, तोही पुष्कळदा साइनच्या सूत्राने, आणि आपल्या अक्षांशावर तिथे हमखास फसगत होते. अक्षांश १९° उत्तर, सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर) १०° उत्तर, म्हणजे साधारण एप्रिलचा मध्य. सकाळी सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, ३२.२° उंचीवर बरोबर पूर्वेला येतो आणि त्यानंतर दक्षिणेकडे झुकतो. उंची ४५° असताना खरा दिगंश ९४.९°, पण उलटा साइन ८५.१° देतो. जवळजवळ १० अंशांची चूक, आणि दोष होकायंत्राच्या माथी. कोसाइनच्या सूत्राने काढले तर चिन्हावरूनच बाजू कळते: धन आले तर ९०° च्या आत, ऋण आले तर पलीकडे.

‘आता जीपीएस आहे, मग हे कशाला?’ हा प्रश्न येणारच. जीपीएसचे संकेत दाबून टाकण्याचे आणि खोटे संकेत पेरण्याचे प्रकार पर्शियन आखातात आणि काळ्या समुद्रात घडलेले आहेत, हे एक. दुसरे असे, की जीपीएसच्या पोटातही हाच प्रश्न आहे. तीन उपग्रहांपासूनची अंतरे म्हणजे तीन गोल, आणि तीन गोल एकमेकांना दोन बिंदूंत छेदतात. एक बिंदू पृथ्वीवर, दुसरा दूर अवकाशात. तो टाकून द्यायचे काम यंत्र मुकाट्याने करते.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थ्यांसाठीच्या पानाला एक विनंती आहे. त्रिकोण सोडवण्याचे प्रश्न छापताना दोन बाजू आणि मध्ये नसलेला लघुकोन दिला असेल, तर आधी लंब काढून पाहावा आणि दोन उत्तरे निघत असतील तर दोन्ही छापावीत. एकच हवे असेल तर ‘न हा बिंदू ख च्या उत्तर-वायव्येला आहे’ अशी एक ओळ प्रश्नात घालावी. आणि साइन एकाहून मोठा येत असेल, तर उत्तराच्या रकान्यात ‘दिलेली मापे जुळत नाहीत’ असे सरळ छापावे, तो प्रश्न गाळू नये.

आपला,
नौकानयनाचे गणित शिकवणारा एक वाचक,
रत्नागिरी